घोड्याचं चित्र पुरं होईपर्यंत

“बाई, साहेब घोड्यावर बसल्यात का घोडं साहेबांच्या खाली सापडलंय, तेवढं बघून सांगा,” दिलावरमामा म्हणाले.

मी वहीतून मान वर केली. आमचे हे वकिलाच्या पाठीवर पालथे पडले होते. पोट खोगिरावर, पाय अलीकडे, डोकं पलीकडे. वकील हे घोड्याचं नाव. साताऱ्यातल्या एका वकिलांनी तो मुलासाठी घेतला होता, मुलगा दुसऱ्याच दिवशी पडला आणि घोडा मालकाच्या हुद्द्यासकट दिलावरमामांच्या मैदानावर आला.

“बसलेत,” मी म्हटलं. “पण अजून अर्धेच.”

“चेष्टा करू नकोस,” घोड्याच्या पलीकडून आवाज आला. “माझा चष्मा कुठे पडलाय बघ.”

चष्मा वकिलाच्या पुढच्या पायापाशी गवतात पडला होता. वकील मान वाकवून त्याच्याकडे बघत होता. मी आधी ती वाकलेली मान कागदावर उतरवून घेतली, मग चष्मा उचलला.

तो आमच्या शिकवणीचा तिसरा दिवस होता. यांचं नाव प्रतापराव खराडे. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. सगळ्या खात्याच्या सेवानिवृत्तीच्या तारखा तोंडपाठ असलेला हा माणूस शेळी जरी अंगावर आली तरी माझ्या मागे उभा राहायचा. अशा माणसाला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी घोड्यावर बसायची पाळी आली, ती दसऱ्यामुळे.

यांचं गाव बोरजाईवाडी. तिथे दसऱ्याला संध्याकाळी खराड्यांच्या थोरल्या घरातला मानकरी घोड्यावर बसून देवळापासून शिवेच्या दगडापर्यंत जातो, दगड ओलांडतो आणि पलीकडच्या आपट्याची पहिली फांदी तोडतो. मग गाव सोनं लुटतं. नियम तीनच. मानकऱ्याचा पाय वाटेत जमिनीला लागता कामा नये. त्याच्या घोड्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि शीव सूर्य बुडायच्या आत ओलांडायची. यातलं एकही मोडलं, तर मान तिथल्या तिथे धाकट्या घराकडे जातो. वीस वर्षं माझे थोरले दीर हे सगळं बिनबोभाट करत होते. त्या वर्षी जुलैत ते न्हाणीघरात घसरले, खुब्याचं हाड मोडलं आणि मान यांच्याकडे आला.

बातमी आली त्या दिवशी आम्ही जेवत होतो. “मान घ्यायचा म्हणजे गावातच राहायला हवं,” हे म्हणाले. “बाहेरून येणारा मानकरी शोभत नाही. दसरा झाला की मी मुदतीआधी निवृत्ती घेतो. तूही राजीनामा देऊन टाक. वांगी छान झालीत.”

मी मुलींच्या हायस्कुलात चित्रकला शिकवत होते. दरवर्षी तीस-पस्तीस मुली इंटरमीजिएटला बसवायचे. घरात उत्तरेच्या खिडकीची एक खोली मी भांडून मिळवली होती, तिथे कुणी माझ्या रंगांना हात लावायचं नाही असा दंडक होता. नोकरीची अजून जवळजवळ पाच वर्षं होती. बोरजाईवाडीत शाळा चौथीपर्यंत, आणि चित्रकलेचा तास म्हणजे मुलांनी पटांगण झाडायचं. या सगळ्याचा निकाल वांग्याच्या भाजीच्या आधी लागून गेला होता.

मी भात वाढला. पण आतून मी पेटले होते.

तरी रोज सकाळी सहाला यांच्या स्कूटरवर मागे बसून संगम माहुलीच्या वाटेवरच्या त्या मैदानावर मी जात होते. कारण एकटं जायला हे घाबरत होते, आणि घाबरतात हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. खरं सांगायचं तर हे पडताना बघावं, अशीही मनात इच्छा होती. रिकामं बसून कंटाळा येऊ नये म्हणून लाल कापडी पुठ्ठ्याची मोठी वही घेऊन जायचे. पंचवीस वर्षं मी मुलींना घोड्याचा मागचा पाय चुकीचा शिकवला हे मला तिथे पहिल्याच आठवड्यात कळलं. ज्याला मी गुडघा समजत होते, ती त्याची टाच होती. गुडघा वर पोटाशी लपलेला असतो. मला इतका आनंद झाला की मी राग विसरले. घरी गेल्यावर परत आठवला.

यांना घोड्यावर चढवायला दहा मिनिटं लागायची आणि उतरवायला पंधरा. त्यामुळे मधल्या विश्रांतीला हे वरच बसून राहायचे. दिलावरमामा चहा करायला जायचे, वकील उभा राहायचा, मी चित्र काढायचे. चित्र झालं की वही मिटायची आणि डब्यातला गुळाचा खडा वकिलाला द्यायचा, असा मी नेम ठेवला होता. इतका वेळ न हलता उभा राहणारा मॉडेल मला हायस्कुलात कधी मिळाला नव्हता.

“मला काढलंस का?” हे रोज विचारायचे.

“घोडा काढला.”

“आणि त्याच्यावर मी?”

“तुम्ही थरथरता. रेषा हलते.”

हे खोटं होतं. माझी रेषा हलत नाही. पण ज्या माणसाने मला न विचारता माझा राजीनामा देऊन टाकला, त्याला कागदावर बसवायला माझा हात तयार नव्हता. वहीत चाळीस घोडे झाले. सगळ्यांच्या पाठी रिकाम्या.

चौथ्या आठवड्यात एक प्रकार घडला. दिलावरमामांनी जीभ टाळूला लावून टक् टक् केलं, वकील गोल चालू लागला, हे वर डोळे गच्च मिटून बसले होते. मी नवीन पान उघडलं आणि वकील जागच्या जागी थांबला.

“बघितलंस?” हे ओरडले. “मी मनात म्हटलं थांब, आणि थांबला!”

मी वही मिटली. वकील सरळ माझ्याकडे चालत आला आणि डब्यापाशी नाक घेऊन उभा राहिला. हे वरून माझ्याकडे विजयाने बघत होते. मी गुळाचा खडा दिला, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेले, वही उघडली. वकील थांबला. मिटली. वकील आला. चार वेळा केलं, चार वेळा तसंच झालं.

दिलावरमामा चहाचा पेला घेऊन माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. तीस वर्षं पोलिसात घोडे सांभाळलेला माणूस. त्यांना सगळं कळलं होतं.

“बाई, घोडं तुमच्या हाताखाली शिकलं,” ते हळूच म्हणाले. “साहेब नुसतं वर बसल्यात.”

“त्यांना सांगू नका.”

“म्या कशापायी सांगू? सायबाला काय सांगायचं न्हाई, एवढं एकच तर नोकरीत शिकलो.”

तिथून पुढे शिकवणी माझ्या वहीवर चालली. हे “हो” म्हणायच्या बेताला मी पान उघडायचे, “चल” म्हणायच्या बेताला मिटायचे. यांची मान ताठ झाली. ऑफिसात त्यांनी घोड्याच्या चालींवर बोलायला सुरुवात केली. मी का केलं असं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. राग तर होता. पण तो माणूस पहिल्यांदाच कशाला तरी न घाबरता बसलेला दिसत होता, आणि ते बघायला बरं वाटत होतं.

दसऱ्याला दिलावरमामा वकिलाला टेम्पोतून बोरजाईवाडीला घेऊन आले. दुपारपासून देवळापुढे गाव जमलं होतं. धाकट्या घरातले हणमंत भाऊजी, यांचे चुलत भाऊ, कडक इस्त्रीच्या धोतरात, डोक्याला आधीच फेटा बांधून, पायात घोडेस्वारीचे बूट चढवून तयार होते.

“दादा, काळजी करू नका,” ते यांना म्हणाले. “काही झालं तर मी हायेच.”

“काय होणार आहे?” हे म्हणाले आणि दिलावरमामांच्या खांद्यावर पाय देऊन फक्त सात मिनिटांत घोड्यावर चढले.

बायका देवळाशी ताटं घेऊन थांबतात, शिवेकडे जात नाहीत. पण मी गावाला सांगून ठेवलं होतं, की मला मिरवणुकीचं चित्र काढायचं आहे, पुढून काढावं लागेल. नियमांचा जाणकार म्हणजे तुका गुरव. त्याने विचार करून सांगितलं, “मास्तरीणबाई दगडापतूर जाऊ शकत्यात. दगडाच्या अलीकडं.”

मी मिटलेली वही छातीशी धरून पुढे निघाले. पिशवीत गुळाचा डबा. वकील माझ्या मागे, त्याच्यावर हे, त्यांच्या मागे हलगी, त्यामागे गाव. हलगीवाल्याच्या अंगात आलं होतं. मानकरी काय दिमाखात चाललाय, असं लोक म्हणत होते. शिवेचा शेंदूर लावलेला दगड वीस पावलांवर आला. सूर्य डोंगराच्या दोन हात वर होता.

तिथे यांना काय झालं कुणास ठाऊक. घोड्यावरून गाव पहिल्यांदाच बघत होते, उंची चढली असावी. त्यांनी हलगी थांबवली आणि हात वर करून म्हणाले, “मंडळी, एक सांगतो. पुढल्या महिन्यापासून आम्ही दोघंही कायमचे गावात राहायला येतोय.”

गाव खूश झालं. कुणीतरी गुलाल उधळला. एक म्हातारे माझ्याकडे बघून म्हणाले, “सूनबाई, लई चांगलं केलंस.”

मी काहीच केलं नव्हतं. मी वळले, लाल वही उघडली आणि पेन्सिल हातात घेतली.

वकील थांबला.

“चल,” हे म्हणाले. वकिलाने माझ्याकडे बघत मान किंचित डावीकडे वळवली. त्याची ती बाजू चांगली यायची, हे त्याला कळलं होतं की काय देव जाणे.

“चल,” हे पुन्हा म्हणाले. मग टाच मारली. मग “अरे चल बाबा” म्हणाले. वकील चारही पाय रोवून, कान टवकारून, शेपूटसुद्धा न हलवता उभा.

पहिली पाच मिनिटं लोक हसले. मग हलगी त्याच्या कानाशी आणून वाजवली. मग कुणी हिरवं कडवळ आणून समोर धरलं. तुका गुरवाने लिंबं उतरवून चारी दिशांना फेकली, त्यातलं एक हणमंत भाऊजींच्या फेट्याला लागलं. फौजेतून आलेल्या एका माणसाने समोर उभं राहून खणखणीत आवाजात ‘आगे बढ’चा हुकूम दिला, तेव्हा मागचे चार-पाच लोक पुढे सरकले, घोडा नाही. त्याला हात लावायची कुणाला मुभा नव्हती. सूर्य एक हातावर आला.

हणमंत भाऊजींनी शांतपणे धोतराचा काष्टा आवळला.

दिलावरमामा माझ्या मागे येऊन उभे राहिले. “बाई,” ते म्हणाले, “हितं म्या काय बोलत न्हाई. पर सूर्य काय तुमच्या वहीचं ऐकणार न्हाई.”

मला ते दिसत होतं. वही मिटली की बोरजाईवाडी. उघडी ठेवली की माझी खोली, माझ्या मुली, उत्तरेची खिडकी. आणि हणमंत भाऊजींच्या पुढे भर गावात घोड्यावरून उतरणारा माझा नवरा. एवढा सोपा हिशेब होता, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझी पेन्सिल हलली.

तेवढ्यात वरून यांचा आवाज आला. अगदी साधा. घरात चहाला किती वेळ म्हणून विचारतात, तसा.

“अगं, चित्र किती राहिलंय?”

मी वर बघितलं. यांच्या हातात लगाम नव्हताच. तो घोड्याच्या मानेवर नुसता पडला होता. दोन्ही हातांनी आयाळ धरून हे माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात प्रश्न चित्राचा नव्हता.

“बरंच राहिलंय,” मी म्हटलं.

“काय राहिलंय?”

“घोडा झाला. तुम्ही राहिलात.”

“मग काढ की. मी कुठे चाललोय?”

“पुढच्या महिन्यात चाललाय. गावाला आत्ताच सांगितलंत. मला विचारायचं राहिलं.”

मागून कुणीतरी विचारलं, “काय चाललंय ह्यांचं?” दुसरा म्हणाला, “चित्र काढत्यात.” “आत्ता?” “आत्ता.”

“किती वेळ लागेल तुला?” यांनी विचारलं.

“चार वर्षं आठ महिने.”

“वहिनी, सूर्य बुडाला!” हणमंत भाऊजी म्हणाले.

“बुडाला न्हाई, टेकलाय,” तुका गुरव म्हणाला. “बुडाला की मी सांगतो.”

हे मनातल्या मनात महिने मोजत होते. साऱ्या खात्याच्या तारखा पाठ असलेला माणूस तो. मी डोळे मिटून उभी राहिले.

“म्हणजे मेअखेर,” हे म्हणाले.

“मेअखेर.”

“सावकाश काढ. मी तोवर साताऱ्यालाच बसतो.” मग जरा थांबून, सगळ्या गावादेखत, आयुष्यात पहिल्यांदा मला विचारलं, “दसऱ्यापुरते येत जाऊ. दोघं. चालेल?”

“चालेल,” मी म्हटलं आणि वही मिटली.

घोडा निघाला. पण मला त्याचं एक लक्षात राहिलं नव्हतं. वही मिटली की वकील शिवेकडे नाही, गुळाकडे जायचा. तो थेट माझ्याकडे आला आणि पिशवीत तोंड घालू लागला. दगड माझ्या मागे होता, आठ-दहा पावलांवर. सूर्याची नुसती कड उरली होती. मी गुळाचा खडा हातात धरला आणि पाठमोरी चालत सुटले. दगडाला टाच लागली, पडता पडता वाचले, तशीच पलीकडे गेले. माझ्या मागोमाग वकील आणि वकिलावर मानकरी.

“बाई आधी गेली!” हणमंत भाऊजी ओरडले. “बाई शिवेपार आधी गेली!”

सगळे तुका गुरवाकडे बघायला लागले. त्याने दगडाकडे बघितलं, घोड्याच्या पायांकडे बघितलं, यांच्या लोंबणाऱ्या चपलांकडे बघितलं.

“मानकऱ्याचा पाय भुईला लागला न्हाई,” तो म्हणाला. “घोड्याला कुणी हात लावला न्हाई. सूर्य आत्ता, ह्यो बघा, आत्ता बुडाला. बाईनं आधी जाऊ नये, असा नेम काय न्हाई.”

“पण आजवर कधी गेली नाही!”

“मग आजपास्नं जाईल,” तुका म्हणाला आणि त्याने हलगीला खूण केली.

यांनी आपट्याची फांदी तोडली. म्हणजे फांदीला लोंबकळले, ती आपोआप तुटली. त्यानंतर नऊ दसरे यांनी मान सांभाळला, मग तो पुतण्याकडे गेला. वकीलही आता नाही. नवा घोडा भाड्याचा येतो, त्याला वहीचं काही कळत नाही. तरी मानकऱ्याची बायको आजही लाल कापडात बांधलेली वही छातीशी धरून, हातात गुळाचा खडा घेऊन शिवेच्या पलीकडे आधी जाते. गेल्या वर्षी पुतण्याच्या बायकोला मी विचारलं, वही कशाला गं? ती म्हणाली, काकू, तुम्हाला माहीत नाही? पूर्वापार आहे.

त्या संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर आम्ही दोघं देवळाच्या पायरीवर बसलो होतो. यांचे पाय अजून घोड्यावर असल्यासारखे फाकलेले होते. दिलावरमामा वकिलाला टेम्पोत चढवत होते.

“कधीपासून माहीत होतं?” मी विचारलं.

“काय?”

“वहीचं.”

“पहिल्या दिवसापासून. मी घोड्यावर डोळे मिटून बसायचो. पानाचा आवाज आला की घोडा थांबायचा. मग उघडायचो.”

“मग मनात थांब म्हटलं म्हणून थांबला, असं ओरडलात ते?”

“तुला बरं वाटावं म्हणून,” हे म्हणाले. “रोज इतक्या लांब येत होतीस. मला घोडा येतोय असं तुला वाटलं असतं तर बरं झालं असतं ना.”

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. दोन्ही एकदम.

“बघू, कसा आलोय,” हे म्हणाले आणि माझ्या मांडीवरची वही उचलली. मी धरायला गेले, पण तोवर त्यांनी शिवेवरचं पान उघडलं होतं.

पान कोरं होतं. मधोमध थरथरलेली बोटभर रेष होती, बाकी काही नाही.

यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, वही जरा लांब धरली. मी मान खाली घालून बसले होते.

“घोडा नेहमीसारखा नाही आला,” ते शेवटी म्हणाले. “पण मी चांगला आलोय. तारीख घाल.”

मी पेन्सिल काढली आणि त्या रेषेखाली तारीख घातली.